लेबलवरचे ३२५-०-३२५: ट्यूब गिटार अँपच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टेज कसे वाचायचे

पहिला ट्यूब अँप बांधणाऱ्याला एक प्रसंग हमखास येतो. ट्रान्सफॉर्मरवर २७५-०-२७५ लिहिलेलं असतं. माणूस मीटर लावतो, तर २९७ दिसतात. रेक्टिफायरच्या, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या भागाच्या, पुढे मोजलं तर ४२० डीसी! आणि सर्किटच्या नकाशावर लिहिलेलं असतं ३४०. मग शंका येते: माल खराब आला, मीटर बिघडला, की आपलं काही चुकलं?

बहुधा यातलं काहीच झालेलं नसतं. ट्रान्सफॉर्मरवरचा आकडा एकटा कधीच नसतो, त्याला चार अटी चिकटलेल्या असतात. मेन्स (भिंतीतल्या सॉकेटची वीज) किती असताना, किती करंट ओढला जात असताना, कुठून कुठपर्यंत मोजलं तर, आणि आरएमएस की पीक. या चारपैकी एक जरी अट सुटली, तरी हिशोब शंभर-दीडशे व्होल्टनी हुकतो. हा लेख त्या अटी उलगडण्यासाठी आहे. सोबत एक छोटा अँप घेऊन चालू: एक ईएल८४ (स्पीकर हलवणारी आउटपुट ट्यूब) आणि एक १२एएक्स७ (आधी सिग्नल वाढवणारी छोटी ट्यूब), सिंगल एंडेड, म्हणजे आउटपुटचं सगळं काम एकच ट्यूब करते. गिटार लावून खोलीत वाजवायला पुरेसा, आणि शिकायला उत्तम.

आधी जिवाची गोष्ट

या सर्किटमधलं व्होल्टेज माणूस मारू शकतं, आणि प्लग काढल्यावरही मारू शकतं, कारण फिल्टर कॅपॅसिटर चार्ज धरून ठेवतात. म्हणून नियम तीन. एक, प्लग काढा, थांबा, मग मीटरने डीसी मोजा. १० व्होल्टच्या खाली आल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आत बोट नाही. दोन, चालू सर्किटमध्ये मोजायचं असेल तर मीटरची काळी वायर क्लिपने चेसिसला अडकवा आणि फक्त उजवा हात वापरा, डावा खिशात. तीन, चेसिसला मेन्सचं अर्थिंग स्वतंत्र बोल्टने, घट्ट. हे तिन्ही पाळणं जमत नसेल, तर अजून काही दिवस गिटारचे इफेक्ट पेडल बांधा. त्यात ९ व्होल्ट असतात आणि गंमतही कमी नसते.

मीटर किमान ६०० व्होल्टचा, कॅट ३ (मीटरच्या सुरक्षेची श्रेणी) लिहिलेला हवा. प्रोबच्या वायरला चीर गेली असेल तर फेकून द्या.

पायरी पहिली: ट्यूबपासून मागे या

नवखे लोक आधी ट्रान्सफॉर्मर घेतात आणि मग त्यात काय बसेल ते पाहतात. उलट करा. ट्यूबला काय हवं ते आधी लिहा आणि तिथून मागे चालत ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचा.

ईएल८४ च्या डेटाशीटमधली नेहमीची क्लास ए (ट्यूब सतत करंट ओढत राहते अशी) मांडणी खाली आहे. प्लेट, स्क्रीन, ग्रिड आणि कॅथोड हे ट्यूबच्या आतले भाग, आणि ग्रिड बायस म्हणजे ग्रिडला कॅथोडच्या तुलनेत दिलेलं उणे व्होल्टेज: प्लेट २५० व्होल्ट, प्लेट करंट ४८ मिलीअँपिअर, स्क्रीन करंट साधारण ५.५, ग्रिड बायस सुमारे उणे ७.३ व्होल्ट. प्लेट आणि स्क्रीन, दोन्हीची मर्यादा ३०० व्होल्ट. प्लेटची उष्णतेची मर्यादा १२ वॉट. २५० गुणिले ४८ मिलीअँपिअर म्हणजे बरोबर १२ वॉट, म्हणजे ही ट्यूब आधीच काठावर चालते.

१२एएक्स७ च्या दोन अर्ध्यांना मिळून दोन मिलीअँपिअर धरा. एकूण करंट झाला ५६ मिलीअँपिअर. हा आकडा कागदावर मोठा लिहून ठेवा, तो पुढे सारखा लागणार आहे.

आता व्होल्टेज. प्लेटला कॅथोडच्या तुलनेत २५० हवेत. कॅथोड स्वतः ७ व्होल्टवर बसलेला असतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत (वीज आत घेणाऱ्या वाइंडिंगमध्ये, म्हणजे तारेच्या गुंडाळीत) डीसी रोध असतो. तो २७० ओहम धरला तर ४८ मिलीअँपिअरला १३ व्होल्ट पडतात. बेरीज: २७०. म्हणजे आपल्याला ट्रान्सफॉर्मरकडून, रेक्टिफायर आणि फिल्टर ओलांडून, ५६ मिलीअँपिअर चालू असताना २७० व्होल्ट डीसी हवे आहेत. शेवटची अट विसरू नका. ‘चालू असताना’ हेच शब्द नकाशावरच्या प्रत्येक आकड्यामागे गृहीत धरलेले असतात.

दुसऱ्या ट्यूब वापरणाऱ्यांसाठी: ईएल३४ आणि ६एल६जीसी बरंच जास्त सोसतात. ६एल६जीसीच्या प्लेटची मर्यादा ५०० व्होल्ट आहे. ६व्ही६ मात्र त्यांच्यासारखी दिसली तरी नाजूक असते. जुन्या डेटाशीटप्रमाणे तिची मर्यादा ३१५-३५० च्या घरातली. सॉकेटात बसते म्हणून कोणतीही ट्यूब कुठेही लावू नये.

पायरी दुसरी: हीटर, म्हणजे ६.३ चं कोडं

सहा नाही, सात नाही, ६.३ च का? कारण मोटारीची बॅटरी. १९३० च्या दशकात मोटारींमध्ये तीन सेलची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असायची, एका सेलचे २.१ व्होल्ट, तिन्हींचे मिळून ६.३. मोटारीतल्या रेडिओसाठी ट्यूब त्या बॅटरीवर चालतील अशा बनल्या, आणि पुढे सगळ्यांनीच तो आकडा धरला.

हीटर म्हणजे ट्यूबला आतून तापवणारी तार. हीटरमध्ये करंटची बेरीज करायची. ईएल८४ ला ०.७६ अँपिअर, १२एएक्स७ ला ६.३ व्होल्टवर ०.३. झाले १.०६. इतर नेहमीच्या ट्यूब: ६व्ही६ ला ०.४५, ६एल६जीसी ला ०.९, ईएल३४ ला तब्बल १.५ अँपिअर. १२एएक्स७ च्या नावातल्या १२ ने गोंधळू नका. तिच्या हीटरचे दोन अर्धे आहेत. ४ आणि ५ नंबरच्या पिना जोडून एक टोक आणि ९ वी पिन दुसरं टोक केलं की ती ६.३ वर चालते.

१.०६ अँपिअर लागतात तर वाइंडिंग दीड-दोन अँपिअरचं घ्या. ‘जास्त तर जास्त, बिघडलं कुठे’ म्हणून ६ अँपिअरचं घेऊ नका. कारण तोच जुना: ६.३ हा आकडा पूर्ण करंट ओढला तरचा. ६ अँपिअरच्या वाइंडिंगवर एकच अँपिअर ओढला तर ते ६.८-६.९ देत बसेल. हीटरला साधारण १० टक्के वर-खाली चालतं असं मानतात, पण मी ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे ६.० ते ६.६ मध्ये ठेवतो.

समजा ६.९ येतायत. उपाय सोपा आहे. ०.६ व्होल्ट जाळायचे, करंट १.०६, म्हणजे रोध हवा ०.५७ ओहम. दोन्ही वायरींत एकेक ०.२७ ओहमचा, दोन वॉटचा रेझिस्टर घाला. दोन्हींत सारखे घालायचे, नाहीतर समतोल बिघडून गुणगुण वाढते.

गुणगुणीवरून आठवलं. हीटर वाइंडिंग हवेत लटकतं ठेवायचं नाही. त्याला मधला टॅप असेल तर तो ग्राउंडला. नसेल तर दोन्ही टोकांपासून १०० ओहमचा एकेक रेझिस्टर ग्राउंडला. अर्ध्या वॉटचे पुरतात. पण दोन्ही एकत्र करू नका: टॅप जोडला असेल तर रेझिस्टर नकोत.

पायरी तिसरी: एसीतून डीसी किती निघेल

ट्रान्सफॉर्मरवरचे व्होल्ट आरएमएस असतात. साइन लाटेचं टोक, म्हणजे पीक, त्याच्या १.४१४ पट. रेक्टिफायरनंतर लगेच कॅपॅसिटर असेल तर तो त्या टोकापर्यंत चार्ज होतो. म्हणून २०० व्होल्ट एसीतून, भार नसताना, २८३ डीसी. नवख्याला इथे ‘जास्तीचे व्होल्ट आले कुठून’ असं वाटतं. जास्तीचे काही आलेले नाहीत. ते लाटेतच होते, लेबल त्यांच्याबद्दल बोलत नव्हतं एवढंच.

भार आला की टोक गाठलं जात नाही. वाइंडिंगचा स्वतःचा रोध असतो, रेक्टिफायर थोडं खातो, कॅपॅसिटर दोन टोकांच्या मधल्या वेळात थोडा रिकामा होतो. माझा ढोबळ नियम असा: सिलिकॉन डायोड असतील तर १.३ ने गुणा, ट्यूब रेक्टिफायर असेल तर १.२ ने. नेमका आकडा मोजल्यावरच कळतो, पण खरेदीच्या वेळी एवढा अंदाज पुरतो.

आता ज्या चुकीने सर्वांत जास्त कॅपॅसिटर फुटतात ती. २५०-०-२५० म्हणजे तीन वायरी: दोन टोकं आणि मधला टॅप. टॅपपासून कुठल्याही टोकापर्यंत २५०, पण टोकापासून टोकापर्यंत ५००. याला दोन डायोडचं सर्किट लावायचं: टोकांवर एकेक डायोड, टॅप ग्राउंडला. डीसी येतं २५० च्या १.४ पट, सुमारे ३५३. चार डायोडचा ब्रिज लागतो तो टॅप नसलेल्या वाइंडिंगला. २५० चं साधं वाइंडिंग आणि ब्रिज, तरी तेच ३५३. पण २५०-०-२५० च्या दोन टोकांवर ब्रिज लावून टॅप तसाच सोडला, तर ७०७ व्होल्ट. मी माझ्या दुसऱ्या अँपमध्ये नेमकं हेच केलं होतं. ४५० व्होल्टचा कॅपॅसिटर आधी फुसफुसला, मग फटाक्यासारखा वाजला आणि खोलीभर कागदाचा लगदा उडाला. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. तेव्हापासून डायोड सोल्डर करण्याआधी कागदावर ‘टॅप कुठे गेला?’ असं लिहून त्यापुढे उत्तर लिहितो.

याचीच दुसरी बाजू डायोडची. दोन डायोडच्या सर्किटमध्ये बंद असलेल्या डायोडवर पीकच्या दुप्पट उलटं व्होल्टेज येतं. ३२५-०-३२५ साठी ३२५ गुणिले १.४१४ गुणिले २, म्हणजे ९१९. १एन४००७ ची मर्यादा १००० आहे. मेन्स थोडा चढला की काठ ओलांडला. म्हणून प्रत्येक बाजूला दोन १एन४००७ ओळीने लावा. ते स्वस्त असतात, कंजुषी नको. ब्रिजमध्ये प्रत्येक डायोडवर एकच पीक येतो, तिथे हा प्रश्न नाही.

ट्यूब रेक्टिफायर घ्यावा का? आवाजाबद्दल वाद पुष्कळ आहेत. व्होल्टेजपुरतं बोलायचं तर प्रत्येक जात वेगळं खाते. ५वाय३ पूर्ण करंटला ५०-६० व्होल्ट खाते, ५यू४जीबी ४५-५०, तर जीझेड३४ जेमतेम २०. छोट्या ईएल८४ अँपमध्ये दिसणारी ईझेड८१ सुद्धा विसाच्या आसपास. म्हणून ५वाय३ काढून तिच्या जागी जीझेड३४ घातली तर तीस-चाळीस व्होल्ट वाढू शकतात, आणि त्याचा ताप आउटपुट ट्यूबला होतो. उलट ५वाय३ च्या जागी ५यू४ घातली तर वेगळीच पंचाईत: ५वाय३ चा फिलामेंट २ अँपिअर ओढतो, ५यू४ चा ३. ट्रान्सफॉर्मरवर ‘५ व्होल्ट, २ अँपिअर’ लिहिलं असेल तर तो तापत राहील.

आणि हे ठळक अक्षरांत डोक्यात ठेवा: रेक्टिफायरचं ते ५ व्होल्टचं वाइंडिंग निरुपद्रवी नसतं. ५वाय३ किंवा ५यू४ मध्ये फिलामेंट हाच कॅथोड, आणि अँपचा एचटी (हाय टेन्शन, म्हणजे ट्यूबच्या प्लेटला लागणारं उच्च व्होल्टेज) पुरवठा तिथूनच निघतो. म्हणजे दोन पिवळ्या वायरींमध्ये एकमेकींच्या तुलनेत ५ व्होल्ट, पण चेसिसच्या तुलनेत दोन्हींवर ३५०-४००.

पायरी चौथी: करंटचा आकडाही एसी असतो

व्होल्टेज जमलं की लोक करंटकडे बघत नाहीत. आपल्याला ५६ मिलीअँपिअर डीसी हवा, तर ६० मिलीअँपिअरचं वाइंडिंग चालेल? ब्रिज असेल तर नाही. कॅपॅसिटर लाटेच्या टोकाशीच, छोट्या छोट्या हिसक्यांत चार्ज होतो, आणि त्या हिसक्यांचा आरएमएस सरासरीपेक्षा बराच मोठा असतो. ट्रान्सफॉर्मर बनवणारे वापरतात तो आडाखा: ब्रिज आणि कॅपॅसिटर असेल तर मिळणारा डीसी करंट एसी रेटिंगच्या ०.६२ पट, मधल्या टॅपचं सर्किट असेल तर जवळपास एकास एक. टॅपवाल्यात प्रत्येक अर्धं वाइंडिंग आळीपाळीने विश्रांती घेतं, म्हणून ही सवलत.

५६ भागिले ०.६२ म्हणजे ९०. ब्रिजसाठी १०० मिलीअँपिअरचं वाइंडिंग घ्यावं. आणि व्होल्टेज? २७० भागिले १.३ म्हणजे साधारण २०८. म्हणजे आपली यादी झाली: २०० ते २१० व्होल्ट, १०० मिलीअँपिअर, टॅप नसला तरी चालेल; ६.३ व्होल्ट, दीड-दोन अँपिअर. किंवा ईझेड८१ घ्यायची असेल तर २२५-०-२२५ च्या आसपास, आणि हीटरमध्ये तिचा १ अँपिअर वाढवून ६.३ व्होल्ट, अडीच-तीन अँपिअर.

नेमका २२५ मिळत नाही, २५०-०-२५० मिळतो. हरकत नाही, त्याकडे शेवटी येऊ.

पुश-पुल क्लास एबी अँपमध्ये (दोन आउटपुट ट्यूब लाटेची एकेक बाजू उचलतात अशा) करंट स्थिर नसतो. दोन ६एल६जीसीच्या ४५० व्होल्टच्या, ५५ वॉटच्या मांडणीत डेटाशीट सांगते की शांत असताना प्लेटचा एकूण करंट ११६ मिलीअँपिअर आणि पूर्ण आवाजाला २१०, त्यावर स्क्रीनचे वेगळे. तिथे ट्रान्सफॉर्मर पूर्ण आवाजाच्या हिशोबाने घ्यावा लागतो. जोरात तार छेडल्यावर व्होल्टेज खाली बसणं आणि सूर विरताना पुन्हा वर येणं, याला वादक ‘सॅग’ म्हणतात. काही जण त्यासाठी मुद्दाम नरम पुरवठा ठेवतात. तो आवडीचा भाग. जळालेला ट्रान्सफॉर्मर मात्र कुणाच्याच आवडीचा नसतो.

पायरी पाचवी: मेन्स

सेकंडरीचे (वीज बाहेर देणाऱ्या वाइंडिंगचे) सगळे आकडे प्रायमरीला ठरलेलं व्होल्टेज मिळालं तरच खरे. जगात कुठे १००, कुठे १२०, कुठे २३० व्होल्ट. भिंतीतल्या सॉकेटचं व्होल्टेज मोजा, एकदा सकाळी, एकदा रात्री. २३० च्या प्रायमरीला २४५ मिळत असतील तर सगळं साडेसहा टक्के वर: ६.३ चे ६.७, ४०० चे ४२६. जुन्या अमेरिकन अँपच्या नकाशांवर ११७ व्होल्ट लिहिलेलं दिसतं. आज त्यांना १२० ते १२५ मिळतात, म्हणून जुन्या नकाशाशी तुमचे आकडे तंतोतंत जुळले नाहीत तर घाबरू नका.

फ्रिक्वेन्सीही पाहा. फक्त ६० हर्ट्झ लिहिलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर तापतो आणि गुरगुरतो, कारण त्याचा लोखंडी गाभा कमी फ्रिक्वेन्सीला लवकर संपृक्त होतो. ५०/६० लिहिलेलं हवं.

फ्यूज प्रायमरीतच, स्लो-ब्लो. आपल्या अँपचा हिशोब: २१० व्होल्ट गुणिले ०.१ अँपिअर म्हणजे २१, अधिक ६.३ गुणिले २ म्हणजे १२.६. एकूण ३४ व्हीए. २३० वर हा ०.१५ अँपिअर होतो, १२० वर ०.२८. फ्यूज साधारण दुप्पट: ३१५ मिलीअँपिअर किंवा ६३०. फ्यूज उडतोय म्हणून मोठा घालणं हा उपाय नाही, ते आपल्या नशिबाला दिलेलं आव्हान आहे.

पायरी सहावी: भार नसतानाचा सर्वांत वाईट क्षण

अँप चालू केल्यावर पहिले काही सेकंद ट्यूब गार असतात, करंट ओढत नाहीत. सिलिकॉन डायोड मात्र तत्क्षणी कामाला लागतात. ५वाय३ सारखी थेट तापणारी रेक्टिफायरही एक-दोन सेकंदांत जागी होते. जीझेड३४ आणि ईझेड८१ सावकाश तापतात, तेवढा दिलासा.

त्या क्षणी कॅपॅसिटरवर किती येतं ते ३२५-०-३२५ वर काढू. भार नसल्याने ८ टक्के वर: ३५१. मेन्स ५ टक्के चढा: ३६९. गुणिले १.४१४: ५२१ व्होल्ट. आणि नकाशावर ३५० लिहिलेले पाहून तुम्ही ४५० चा कॅपॅसिटर आणलेला! तो लगेच मरत नाही, हेच वाईट. वर्षभर रोज थोडा मरतो.

उपाय: पहिल्या जागी १०० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्टचे दोन कॅपॅसिटर ओळीने लावा. मिळून ५० मायक्रोफॅरड, ७०० व्होल्ट. प्रत्येकाला समांतर २२० किलोओहमचा, एक वॉटचा रेझिस्टर, म्हणजे व्होल्टेज दोघांत सारखं वाटलं जातं. हेच रेझिस्टर अँप बंद केल्यावर चार्जही काढून टाकतात: ४४० किलोओहम गुणिले ५० मायक्रोफॅरड म्हणजे २२ सेकंद, त्याच्या पाचपट थांबलं तर ११० सेकंद. दोन मिनिटांनी रिकामं. तरीही मीटर लावायचाच, कारण रेझिस्टरचं पाय निसटलेलं असू शकतं.

ट्यूब रेक्टिफायर असेल तर पहिला कॅपॅसिटर वाटेल तेवढा मोठा चालत नाही. जीझेड३४ ला ६० मायक्रोफॅरडपर्यंत, ५वाय३ ला त्याच्या निम्म्याहूनही कमी. जास्त घातला तर सुरुवातीच्या हिसक्याने रेक्टिफायरच्या आत ठिणगी पडते. ओळीने लावलेले ५० मायक्रोफॅरड जीझेड३४ ला चालतील, ५वाय३ ला नाहीत.

लेबल नसलेला ट्रान्सफॉर्मर हातात आला तर

जुन्या रेडिओतून काढलेला, कागद गळून गेलेला. फेकू नका. आधी मीटरने रोध मोजून जोड्या लावा. हीटर एक ओहमच्याही खाली, प्रायमरी काही ओहम ते काही दशक, एचटी सर्वांत जास्त, शेकड्यापर्यंत.

अमेरिकन पद्धतीत रंग ठरलेले असतात: प्रायमरी काळी, एचटी लाल आणि तिचा टॅप लाल-पिवळा, रेक्टिफायरचा फिलामेंट पिवळा, ६.३ हिरवा आणि त्याचा टॅप हिरवा-पिवळा. शेवटच्या रंगाशी सावध राहा. मेन्सच्या आजच्या केबलमध्ये हिरवा-पिवळा म्हणजे अर्थ. एकाच चेसिसमध्ये एकाच रंगाच्या दोन वेगळ्या अर्थाच्या वायरी नको असतील तर एकीवर टेप गुंडाळा.

मग प्रायमरी वाटते त्या जोडीला थेट मेन्स न देता दुसऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचे १२ व्होल्ट एसी द्या आणि बाकी जोड्या मोजा. प्रायमरी २३० ची आणि एचटीच्या टोकांमध्ये ३३.९ आले तर ३३.९ भागिले १२ गुणिले २३०, म्हणजे ६५०. मिळाला ३२५-०-३२५. फक्त चुकून ते १२ व्होल्ट हीटरच्या जोडीला देऊ नका. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी चालतो. ६.३ च्या वाइंडिंगला १२ दिले की प्रायमरीवर चारशेच्या वर आणि एचटीवर हजाराच्या वर उभे राहतात.

पायरी सातवी: पहिल्यांदा चालू करणं

सिरीज बल्ब करा: जुन्या फिलामेंटचा ४० किंवा ६० वॉटचा बल्ब मेन्सच्या फेज वायरमध्ये ओळीने. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटतो आणि अँप वाचतो.

सेकंडरीच्या सगळ्या वायरी वेगळ्या, टोकं झाकलेली. बल्बमधून चालू करा. क्षणभर उजळून तो विझल्यासारखा झाला पाहिजे. आता बल्ब काढून थेट मेन्सवर प्रत्येक वाइंडिंग मोजून लिहा. ५ ते १० टक्के जास्त येणं अपेक्षित आहे. टॅपपासूनची दोन्ही अर्धी जवळपास सारखी हवीत.

पुढे फक्त हीटर जोडा, ट्यूब लावा, एचटी नको. लाली दिसते का पाहा, सॉकेटच्या पिनांवर व्होल्टेज मोजा. वाइंडिंगच्या टोकाशी मोजून भागत नाही, वायरीतही थोडं पडतं.

मग रेक्टिफायर, फिल्टर, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, आणि स्पीकर नक्की जोडलेला. ट्यूब लावूनच एचटी द्या, पुन्हा बल्बमधून. बल्बमधून चालताना दिसणारे आकडे खोटे असतात, सगळं वीस-तीस टक्के खाली दिसतं. शॉर्ट नाही एवढंच त्यातून कळतं. पाच मिनिटं बरी गेली की बल्ब काढा आणि खरे आकडे घ्या: पहिला कॅपॅसिटर, प्लेट, स्क्रीन, कॅथोड. कॅथोडच्या व्होल्टेजला कॅथोड रेझिस्टरने भागलं की करंट मिळतो. १३५ ओहमवर ७.२ व्होल्ट म्हणजे ५३ मिलीअँपिअर, प्लेट आणि स्क्रीन मिळून. बरोबर बसलं.

व्होल्टेज जास्त भरलं तर

आता तो २५०-०-२५० आणि ईझेड८१. भारासह ३१० आले, हवे होते २७०. आपला अँप सिंगल एंडेड क्लास ए, करंट जवळपास स्थिर, म्हणून साधा रेझिस्टर पुरतो. ४० व्होल्ट भागिले ५६ मिलीअँपिअर म्हणजे ७१४, जवळचा ६८० ओहम. त्यात दोन वॉटच्या थोडं वर उष्णता होते, म्हणून ५ वॉटचा घ्या, आणि पहिल्या आणि दुसऱ्या कॅपॅसिटरच्या मध्ये बसवा. फिल्टरही सुधारतो, गुणगुण घटते. सिंगल एंडेडला ते हवंच असतं, कारण पुश-पुलसारखी पुरवठ्यातली गुणगुण आपोआप कटत नाही.

पुश-पुलमध्ये हा रेझिस्टर जोरात वाजवलं की जास्त व्होल्ट खातो, तिथे तो नको. मधला टॅप आणि ग्राउंड यांच्यात मोठ्या वॉटचा झीनर (ठरावीक व्होल्टेज खाणारा डायोड), चेसिसला बोल्टने बसवलेला पण अभ्रकाने अलग ठेवलेला, हा त्यातला प्रचलित मार्ग. ५० व्होल्टचा झीनर २०० मिलीअँपिअरला १० वॉट तापतो, हे लक्षात ठेवून जागा शोधा. झीनर उलटा लागला तर काहीच कमी होत नाही. मीटरवर आकडा हलला नाही की हेच पाहा. आणि या मार्गाने एचटीच कमी होतं, हीटर तसेच राहतात.

हीटर आणि एचटी दोन्ही सारख्या प्रमाणात जास्त असतील तर दोष मेन्सकडे आहे. तिथे १२ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर घेऊन त्याची सेकंडरी मेन्सच्या विरुद्ध दिशेने ओळीत जोडतात. २४० चे २२८ होतात, ६.८ चे ६.४६. त्या सेकंडरीला फक्त अँपचा मेन्स करंट सोसायचा असतो, म्हणून तो ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा पुरतो. जोडल्यावर आकडा वाढला तर सेकंडरीच्या वायरी अदलाबदल करा. हे सर्व डब्यात, फ्यूज आणि अर्थिंगसह.

शेवटी एक पोस्टकार्डाएवढा कागद घ्या. त्यावर मेन्स, हीटर, पहिला कॅपॅसिटर, प्लेट, स्क्रीन, कॅथोड असे सहा आकडे आणि तारीख लिहा, आणि चेसिसच्या झाकणाला आतून चिकटवा. मेन्सचा आकडा सर्वांत वर. तो नसेल तर दोन वर्षांनी बाकीचे पाच वाचून काही कळणार नाही.